गोविंदाची पट्टी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला जागा एकच होती, मागाच्या खड्ड्यावर. समोरच्या खोलीतल्या ज्या खड्ड्यात पाय सोडून आधी आजोबांनी आणि मग बाबांनी लुगडी विणली, तो खड्डा हातमाग विकल्यावरही बाबांनी बुजवला नव्हता. वरून सागाच्या चार फळ्या टाकल्या होत्या, एवढंच. आईनं त्यावरून काही म्हटलं की ते म्हणायचे, "राहू दे ना वं, खायले मागते का तो तुले?" त्या फळ्यांवर टेबल, आणि टेबलावर माझ्या कॉलेजातल्या एका मोठ्या मुलानं नवीन घेतला म्हणून मला दिलेला, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. फळीवर कुणी पाय ठेवला की खालून पोकळ आवाज यायचा आणि पडद्यावरचं चित्र थरथरायचं. खेळ ऐन रंगात आलेला असताना कुणी पाणी प्यायला उठलं की बाकीचे त्याच्यावर खेकसायचे.

घर इतवारीच्या मागच्या अंगाला, एका बोळात. सकाळी हातगाड्यांचा खडखडाट, भांडेवाल्यांची ठोकाठोक, टेम्पोवाल्यांची एकमेकांच्या आईबापांची चौकशी, हे सगळं उशाशीच. माग गेला तेव्हा वाटलं होतं की आता घर मुकं होणार, पण आईनं साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन आणलं आणि दिवसभर त्याची घरघर सुरू झाली. मे महिन्यात त्यात कूलरचा आवाज मिसळायचा. खिडकीत बसवलेला तो पत्र्याचा कूलर आमच्या घरातला सर्वांत बडबडा माणूस होता. त्याच्यामुळे आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायला शिकलो, आणि अजूनही फोनवर बायको मला खुणेनं सांगते की हळू. वाळ्याचा ओला वास, कैरी-कांद्याची चटणी, ज्वारीची भाकर आणि रविवारी बाबांच्या हातचं मटण. रविवारी आई स्वयंपाकघरात फिरकतच नसे. बाबा उघड्या अंगानं बसून खोबरं, खसखस, कांदा भाजायचे, पाट्यावर वाटायचे, आणि तर्री वर येईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. तिखट एवढं की ताई रडत रडत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

बाबा तेव्हा शहराच्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करत. पन्नाशीच्या जवळ आलेला विणकर माणूस, ज्याच्या बोटांना रेशमाचा तुटलेला धागा अंधारात सापडायचा, तो पाठीवर गोण्या वाहत होता. पहिल्याच दिवशी त्यांनी गोणी उचलली आणि तोल जाऊन खाली बसले. गोविंदा नावाच्या माणसानं त्यांना उठवलं आणि गोणी मानेवर नाही, खांद्यांच्या मधोमध कशी घ्यायची ते दाखवलं. गोविंदा उमरेडकडचा. गावी घरची शेती, भावाच्या हाती. हा वाडीतच खोली करून राहायचा. तेव्हापासून बाबांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी गोविंदा यायचा. गोविंदानं असं म्हटलं, गोविंदानं तसं केलं. आई म्हणायची, "त्यालेच घरी घेऊन या, मंग मी जातो वाडीले."

आता त्या खेळाचं सांगतो, कारण हे सगळं प्रकरण त्याच्याभोवती आहे. उजाड झालेलं एक शहर, आपली तीन माणसांची तुकडी, आणि गल्ल्यागल्ल्यांतून लपतछपत पलीकडे पोचायचं. आधी आपल्या माणसांनी एकेक चाल करायची, मग शत्रूनं. मी तो सीडीवर आणला तो एकट्यानं खेळायला. पण कूलर त्याच खोलीत होता, त्यामुळे उन्हाळ्यात एकट्यानं काही करणं आमच्याकडे शक्यच नव्हतं. आधी ताई मागे उभी राहून सल्ले द्यायला लागली, मग एक दिवस बाबा वाडीहून आले, पाय धुतले, चहाचा कप घेऊन पाटावर बसले आणि अर्धा तास नुसतं पाहत राहिले. मग म्हणाले, "तीन माणसं आहे, आपणबी तीन आहो. मले एक दे ना गा."

म्हणून वाटणी झाली. माझ्या सैनिकाचं नाव रॉकी. वय तसं होतं, जाऊ द्या. ताईनं तिच्या बाई सैनिकाला शाळेतल्या गणिताच्या कडक बाईंचं नाव दिलं, जोशीबाई. बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "गोविंदा लिही." त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण ते नाव कसं दिसतं ते त्यांनी ओळखून ठेवलं. आणि एक नियम बाबांनी घालून दिला, तो मागावरचा. विणकराच्या घरी दुसऱ्याच्या मागावर बसत नाहीत. प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा असतो, आणि दुसऱ्यानं चार बोटं जरी विणलं तरी कापडात ते कायमचं दिसतं. तसंच इथे. माउस आपल्या पाळीला आपल्या हातात, आणि दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. सल्ला द्या, बोंबला, पण हात लावायचा नाही.

या खेळात प्रत्येक सैनिकाच्या डोक्यावर एक पट्टी होती, त्याच्या मनावरच्या ताणाची. सुरुवातीला रिकामी. जवळून गोळी गेली, सोबतचा जखमी झाला, सारखं पळवलं, की ती भरत जायची, आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. पूर्ण भरली की तो सैनिक तुमचा राहत नसे. बंदूक टाकून भिंतीशी बसून राही, किंवा उघड्यावर धावत सुटे, किंवा आपल्याच माणसावर गोळी झाडे. दोन लढायांच्या मधे त्याला कॅम्पात विश्रांतीला पाठवता येई, पण मग पुढच्या दोन लढाया तो नाही. बाबांना ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रंग कळायला वाचावं लागत नाही. गोविंदा पिवळा झाला रे झाला की ते त्याला कॅम्पात पाठवून द्यायचे. मग पुढच्या दोन लढाया आम्ही दोघंच, आणि बाबा पाटावर बसून शेंगदाणे खात पाहणार.

मला हे अजिबात सहन व्हायचं नाही. "बाबा, पिवळा म्हणजे अजून चालते तो. लाल झाल्यावर पाठवा ना."

"लाल झाल्यावर धाडून काय फायदा? मंग तर तो आपलाआपणच बसन."

"पण आपण हारून राहिलो ना."

"हारलो तर हारलो. तुले काय कोणी पगार देते का याचा?"

मी तेव्हा फार हुशार होतो. एवढा हुशार मी पुढे आयुष्यात कधीच नव्हतो. माझं म्हणणं असं की या पट्टीनं खेळाचा सत्यानाश केला आहे. मी डोकं लावून चाल रचतो, कोण कुठे उभा राहील, कोण आधी गोळी झाडेल, सगळं बरोबर ठरवतो, आणि ऐन वेळी जोशीबाई बंदूक टाकून खाली बसतात. यात माझी चूक कोणती? चूक असेल तर हरवा, पण मी बरोबर असताना का हरायचं? ताईला हे सांगितलं की ती फॉलला सुई टोचता टोचता म्हणायची, "मंग बुद्धिबळ खेळ ना. प्यादं कधी भीत नाही." मी म्हटलं, बुद्धिबळ काय वाईट आहे? तर ती म्हणाली, "काही वाईट नाही. पण तुले माणसं पायजे, अन् ती प्याद्यासारखी वागाले पायजे. दोन्ही कसं भेटन?" जोशीबाई तीनदा रडत बसल्या होत्या आणि त्या तिन्ही वेळा ताई हसून हसून आडवी झाली होती. तिला त्या बाई तशा आवडायच्या.

माझी मुलगी मुक्ता आता हाच वाद माझ्याशी घालते. तिच्याकडचे खेळ आमच्या त्या खेळाच्या दहापट देखणे आहेत, आणि त्यांतही तुकडीच्या मनाचं काहीतरी मोजमाप असतंच. ती म्हणते, बाबा, वैताग आहे. आणखी एक आकडा सांभाळायचा, बस. लढाई जिंकली की दवाखाना चालवायचा. माझ्या वयाच्या विशीत मी अगदी हेच म्हणत होतो, आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

मधे एकदा गोविंदा स्वतः घरी आला. बाबा रोज सकाळी चहाच्या टपरीवर त्याला आदल्या दिवशी त्यानं काय काय केलं ते सांगायचे, तेव्हा पाहायचीच होती त्याला ही भानगड. धिप्पाड, काळा, पुढचा एक दात अर्धा, हातात गावाकडच्या कैऱ्यांची पिशवी. फळीवर पाय ठेवल्यावर आवाज झाला तसा दचकून मागे झाला. पडद्यावर स्वतःला पाहून म्हणाला, "एवढा बारीक नाही मी." मग बाबांनी त्याला पट्टी दाखवली. ती कशी भरते, भरली की काय होते, मग कॅम्पात कसं पाठवायचं. गोविंदानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅम्पात जेवन भेटते का?" आई आतून म्हणाली, "इथं तर भेटन, हात धुवा." तो जेवला आणि निघताना मला म्हणाला, "सांभाळजो गा मले." मी म्हटलं, हाओ काका.

त्याच आठवड्यात मी फाइल उघडली. कॉलेजातल्या एकानं सांगितलं होतं की खेळ जिथे साठवला जातो ती फाइल साधी लिहिलेली असते, कुणालाही वाचता येते. दुपारची वेळ, बाबा वाडीला, आई आणि ताई फॉलचं कापड आणायला बाजारात. रॉकीची ओळ, जोशीबाईंची ओळ, गोविंदाची ओळ. नेम किती, वेग किती, हिंमत किती, ताण किती. गोविंदाची हिंमत चाळीस होती. मी ती शंभर केली. शंभर हिंमतीच्या माणसावर ताण चढतच नाही. रॉकी आणि जोशीबाईंना मी हात लावला नाही, कारण ताईच्या लक्षात आलं असतं. मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजवर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. बाबा सारखे पाटावर बसून राहू नयेत, खेळात राहावेत, आणि आपण जिंकावं, एवढंच. दुसऱ्याच्या मागावर बसलो आहोत, हे तेव्हा मनातही आलं नाही. मी तर फक्त एक आकडा बदलला होता.

त्या दिवसापासून गोविंदाची पट्टी रिकामीच. पहिल्या लढाईत बाबांचा विश्वास बसेना. दुसऱ्या लढाईत ते पाटावरून उठून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहू लागले. तिसऱ्या लढाईनंतर त्यांनी आम्हांला कारण समजावून सांगितलं. "मी त्याले एकटा सोडत नाही, पाहून राहिले ना तुम्ही? भिंतीआड ठेवतो. एक चाल पळवला तर दुसऱ्या चालीले बसवतो. माणसाले दम खाऊ द्याव लागते." ते खरोखर तसंच खेळत होते, हे मला मान्य करावं लागेल. पण ते आधीही तसंच खेळायचे आणि तरी गोविंदा पिवळा व्हायचाच. ताई एकदा म्हणाली, "बाबाच्याच माणसाले काही होत नाही, गंमत आहे." आणि माझ्याकडे पाहिलं. मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.

मग हळूहळू बाबांची खेळायची रीत बदलली. पट्टी भरतच नाही म्हटल्यावर ते गोविंदाला पुढे धाडू लागले, आधी एक चाल, मग लागोपाठ दोन, मग तीन. "चाल गा गोविंदा," म्हणायचे आणि तो उघड्या चौकातून धावत जायचा. आम्ही जिंकू लागलो. सगळ्याच लढाया. आणि खरं सांगायचं तर खेळातली गंमत त्याच आठवड्यात गेली. आता कुणी ओरडत नव्हतं, कुणाला कॅम्पात पाठवायचं यावर भांडण नव्हतं, जेवताना सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आईनं एकदा विचारलंसुद्धा, "आज आवाज काहून नाही?" ताईचं लक्ष उडालं. मला हवं तसं झालं होतं आणि मलाच कंटाळा येऊ लागला होता. एकटे बाबा मात्र इतके खूश मी त्यांना माग विकल्यापासून पाहिले नव्हते.

गोदामातल्या शेठनं बाबांना मुकादमकीबद्दल आधीही एकदा विचारलं होतं. मराठी लिहिता वाचता येतं, दारू पीत नाही, गुडघे दुखतात. तेव्हा बाबा नाही म्हणाले होते. "दुसऱ्याकडून काम घेणं माह्याच्यानं होत नाही," असं आईला सांगितलं होतं. त्या मे महिन्यात शेठनं पुन्हा विचारलं आणि ते हो म्हणून आले. त्या दिवशी येताना त्यांनी संत्रा बर्फी आणली. आईनं विचारलं, मागच्या वेळी तर नाही म्हणले होते. बाबा फळ्यांवर उभे होते, पडद्याकडे बोट दाखवून अर्धं हसत म्हणाले, "महिना होत आला, गोविंदाले एकदाबी पिवळं होऊ दिलं नाही मी. माणसं सांभाळता येते वं मले. उगाच भीत होतो."

बर्फीचा तुकडा माझ्या तोंडात होता. तेव्हा सांगता आलं असतं. हसण्यावारी नेता आलं असतं, बाबा, अहो ते मी केलंय, म्हणून. बाबांनी एक शिवी दिली असती आणि कदाचित मुकादमकी तरीही घेतली असती. आई पुढे मला हेच म्हणायची, की त्यांनी ती तशीही घेतलीच असती, गुडघे किती दुखायचे त्यांचे. तिला फाइलचं माहीत नव्हतं. ती नुसतं नशिबाबद्दल बोलत होती.

पुढचं बाबांनी जसं सांगितलं तसं सांगतो. खताच्या गोण्यांचे दोन ट्रक दुपारपर्यंत रिकामे झाले होते. तिसरा ट्रक दुसऱ्या दिवशीचा होता, तो दुपारीच येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर घाई करू लागला. शेठनं मुकादमाला सांगितलं, बघा होत असेल तर. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. बाबांनी एकेकाला विचारलं. दोघं नाही म्हणाले, त्यांना त्यांनी बसू दिलं. गोविंदाला विचारलं, "होते का गा?" तो म्हणाला, "होते ना." बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत होता, तिसऱ्या ट्रकची हमाली मुकादमाच्या खिशातून घेतो असं काहीतरी चिडवत होता. आधीचे बाबा असते तर त्याचा होकार त्यांनी मानलाच नसता, हाताला धरून सावलीत बसवलं असतं. ट्रकमधून गोदामाच्या ओट्यावर यायला फळी टाकलेली होती. चाळीस-पन्नास गोण्या उतरल्यावर त्या फळीवर गोविंदाचे गुडघे एकाएकी मोडल्यासारखे झाले. तो खाली पडला आणि पाठीवरची गोणी त्याच्यावर.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याला नेलं. जीव वाचला. पाठीचा कणा दुखावला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं की ओझं आता कधीच नाही, चालणं कितपत होईल ते पाहू. त्याची बायको गावाहून आली. ती बाबांना काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाबा नंतर म्हणायचे. दोन दिवस ते तिथल्या बाकावर बसून होते. मी डबा घेऊन जायचो. डबा तसाच परत यायचा.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ते घरी आले. पाय धुतले. आईनं चहा ठेवला तो नको म्हणाले. फळ्यांचा आवाज झाला आणि मी पाहिलं तर ते टेबलासमोर बसले होते. "लाव गा तो खेळ," म्हणाले. मला वाटलं, मन दुसरीकडे वळवायचं असेल. मी लावला. आईचं मशीन थांबलं. ताई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी दोन बोटांनी माउस धरून, त्यांच्या त्या सावकाश रीतीनं, तुकडीची यादी उघडली, गोविंदाच्या नावावर गेले आणि कॅम्पाच्या तंबूचं चिन्ह दाबलं. एक चौकट आली. ती त्यांनी बंद केली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा तीच चौकट.

"काय म्हणते ते?"

मी वाचलं. "म्हणते, याला विश्रांतीची गरज नाही."

"काहून?"

"पट्टी रिकामी आहे ना, बाबा. रिकामी असली की पाठवता येत नाही."

"पण मले पाठवाचा आहे ना त्याले."

त्यांनी पुन्हा दाबलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. दर वेळी चौकट यायची आणि दर वेळी ते तिच्याकडे असे पाहायचे, जणू या वेळी काही वेगळं लिहिलेलं असेल. ताई माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं, पुढे तिनं ते मला बोलूनही दाखवलं, पण त्या वेळी ती गप्प राहिली, कारण सांगायचं मी होतं. कूलर चालू होता. मला आठवतं की तो बंद करावा असं मला वाटलं, म्हणजे मला बोलता येईल. मी म्हणालो, "खेळच तसा आहे, बाबा."

बाबांनी माउस सोडला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मलेबी तशीच दिसली. रिकामी." आणि उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेल्यावर मी फाइल उघडली. हिंमत शंभरची पुन्हा चाळीस केली. पण त्यानं काय होणार होतं? महिनाभर चढलेला ताण त्या फाइलीत कुठे नोंदलेलाच नव्हता, तो परत कुठून येणार? शेवटी मी स्वतःच्या हातानं त्याचा ताण शंभर लिहिला. खेळ उघडून पाहिलं तर गोविंदाच्या डोक्यावर लालभडक पट्टी, आणि त्याच्या नावापुढे तंबूचं चिन्ह उजळलेलं. बाबा आल्यावर मी म्हटलं, "बाबा, नीट झालं बघा. आता जाते तो कॅम्पात. या ना." ते म्हणाले, "राहू दे." मी चार दिवसांनी पुन्हा म्हटलं. "राहू दे ना गा," म्हणाले. मी स्वतः ते चिन्ह दाबू शकलो असतो. पण दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही, हा नियम नेमका तेव्हा मला आठवला.

बाबांनी मुकादमकी सोडली आणि त्याच गोदामात चौकीदार झाले. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, मटणाचा डबा घेऊन बसनं गोविंदाच्या गावी जायचे.

मुक्ता परवा म्हणत होती, ताण दाखवायचाच असेल तर डोक्यावर पट्टी कशाला पाहिजे? सैनिकाचा हात थरथरू द्या, आवाज बदलू द्या, नेहमी बोलणारा गप्प होऊ द्या किंवा गप्प राहणारा जास्त बोलू द्या. ओळखू द्या ना मला. मी तिला म्हटलं, आणि नाही ओळखता आलं तर? ती म्हणाली, मग ती माझी चूक. किती सहज म्हणाली. खेळात तसं म्हणता येतं. मला आता वाटतं की त्या पट्टीनं आमचा खेळ बिघडवला नव्हता. तिच्यामुळे माझे बाबा दर चालीला थांबून आपल्या माणसाकडे पाहत होते. मी ती खोटी केली, आणि त्यांनी पाहणं सोडलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांबरोबर गोविंदाकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून. तो अंगणात बाजेवर बसला होता, काठी शेजारी. बराच वाळला होता. डब्याचं झाकण उघडून त्यानं वास घेतला, गावातल्या कुणाकुणाचं सांगितलं, मला कॉलेजाचं विचारलं. मग एकदम, अर्धा दात दाखवत, म्हणाला, "अन् माह्या तिकडच्या गोविंदाचं काय चालू आहे?"

बाबा म्हणाले, "आराम करून राहिला. कॅम्पात आहे." मग माझ्याकडे वळले. "हो ना गा?"

बाजेच्या दोऱ्या कुठे कुठे सैल झाल्या होत्या तिकडे पाहत मी म्हणालो, "हाओ."

"जेवन भेटते का तिथं?" गोविंदानं विचारलं, आणि दोघंही हसले. माझं सांगायचं राहून गेलं.

घरी आल्यावर मी फळ्यांवर बसलो, खेळ लावला आणि बाबांच्या माणसाला पुन्हा हात लावला. या वेळी कॉम्प्युटरनं काही हरकत घेतली नाही. गोविंदाच्या नावापुढे तंबू उमटला आणि खाली लिहून आलं, दोन लढाया विश्रांती. त्या दोन लढाया आमच्या घरात कुणीच खेळलं नाही. पुढे तो कॉम्प्युटर कबाडीवाला घेऊन गेला, आणि फळ्या काढून बाबांनी एक दिवस खड्डा बुजवून टाकला. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फाइलची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.